ओतिलियाचा आभाराचा पत्रा

मी पत्र्यावर चित्रं काढतो. ग्वानाह्वातोच्या डोंगरातल्या आमच्या खाणीच्या गावात कुणी अपघातातून वाचलं, कुणाचा ताप उतरला, की तो माझ्याकडे येतो. झालं ते मी वीतभर पत्र्यावर काढतो, वरच्या कोपऱ्यात ढगावर प्रभू येशू काढतो, खाली नाव आणि आभार लिहितो. मग तो पत्रा चर्चच्या भिंतीला लागतो. चाळीस वर्षांत निम्मी भिंत माझ्या हातची झाली. माझा विश्वासही त्या भिंतीवरच होता. कुणी शंका काढली की मी म्हणायचो, "जा, बघून ये."

माझी बायको ओतिलिया मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी घाई केली. ती बरी व्हायच्या आधीच पत्रा रंगवला: ओतिलिया खाटेवरून उठून मक्याच्या तोर्तिया भाजते आहे. वाटलं, पत्रा तयार दिसला की देवाला नाही म्हणवणार नाही.

पत्रा पाहून ती हसत सुटली. "म्हाताऱ्या, देवाला कोंडीत पकडतोस होय? आणि एवढी बारीक मी लग्नातही नव्हते."

"तू बरी हो, मग जाड करतो."

"पूस ते. खाटेवरच काढ मला. आणि खाली लिही, ओतिलिया आभार मानते."

"कशाचे? बरी झालीस का तू?"

"तो माझ्याजवळ आहे, त्याचे."

"दिसतो तुला?"

"नाही रे. म्हणून तर सांगते, कोपऱ्यात त्याला काढू नकोस. न पाहिलेलं पाहिलं म्हणून कशाला सांगू? मोकळा सोड."

"मग लोकांना कळणार कसं?"

"तुला कळलं तरी पुष्कळ."

मी तसा पत्रा केला, पण मन नसताना. कळ ओसरली की ती "धन्यवाद, प्रभू" म्हणायची, जेवण वाढणाऱ्याला म्हणावं तसं. ज्या दिवशी कळ ओसरली नाही, त्या दिवशीही म्हणाली. मार्चमध्ये ती गेली.

त्यानंतर सात महिने मी चर्चची पायरी चढलो नाही. त्या भिंतीवर सगळे वाचलेलेच. मग एका रविवारी घरातल्या फळीवर ठेवलेला तिचा पत्रा खाली काढला, त्यावरची धूळ पुसली आणि घेऊन गेलो. चर्चची देखभाल मकारियो करतो. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो.

"कोंपाद्रे, हा कसा लावू?" तो म्हणाला. "बाई खाटेवर, ती तर वारली. देवाचा पत्ता नाही. लोक विचारतील, चमत्कार कुठे आहे? निदान कोपऱ्यात प्रभूला तरी काढ. तुझ्या हाताला पाच मिनिटांचं काम."

तेवढंही नव्हतं. घरी येऊन मी निळा रंग कालवला, कुंचला कोपऱ्यावर धरला. तो चेहरा मला डोळे मिटूनही काढता आला असता. आणि तेव्हा लक्षात आलं, हजारदा काढला, पण मी त्याला कधी पाहिलेलं नाही. लोक वाचले, ते पाहिलं होतं. तेवढ्यावर मी चाळीस वर्षं काढली. ओतिलियाने यातलं काहीच मागितलं नाही. दिसत नसलेला हात तिने धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तसं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

कुंचला धुऊन ठेवला.

सकाळी मकारियोने पत्रा उलटसुलट पाहिला. "काढला नाहीस."

"नाही. तिच्या नावावर मी खोटं चिकटवणार नाही."

"बरं, तिचं राहू दे. तुला काय वाटतं? होता का तो तिथे?"

आजवर असं कुणी विचारलं की मी भिंतीकडे बोट दाखवायचो. आज तिकडे पाहिलंही नाही.

"होता," मी म्हणालो. "ती एकटी नव्हती, कोंपाद्रे."

मकारियोने पत्रा काखेत धरला. मग कुरकुरला, "मी शिडीवर चढणार नाही, सांगून ठेवतो. गुडघे गेलेत. खालीच लावीन."

"खालीच लाव. ती बुटकीच होती."

त्याने हातोडी आणली. खिळा मी धरला.