उस्तादांची दाढी

फोन वाजला की थोरलीची कात्री हवेतच थांबायची. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून तिच्याकडे बघायचं, ती फोनकडे. पलीकडून कुणीतरी विचारायचं, "दुकान चालू आहे ना आज?" आणि कात्री पुन्हा चालू लागायची.

तिचे वडील हरवले होते. अख्खी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. याच खुर्चीमागे उभं राहून त्यांनी दोन पिढ्यांची डोकी सांभाळली, आणि शेवटी त्यांचं स्वतःचंच डोकं त्यांना साथ देईनासं झालं. आधी चष्मा विसरले, मग घराचं वळण, मग स्वतःचं नाव. एका सकाळी दूध उतू जातंय म्हणून आई आत वळली, आणि तेवढ्यात उस्ताद बाहेर पडले ते पडलेच.

तेव्हापासून दार उघडं, दिवा जळता, ताट झाकलेलं आणि जीव टांगणीला. थंडी मी म्हणत होती आणि त्यांची शाल खुंटीवरच होती. आई येता-जाता तिची घडी मोडायची, पुन्हा घालायची.

चौकीत कळवून झालं होतं. भिंतीभिंतीवर पत्रकं लागली होती. फोटो आईनेच निवडलेला: अंगात कोट, भांग आखल्यासारखा, गाल तुळतुळीत. लोक थांबून बघायचे, हळहळायचे, "दिसले तर कळवू हं" म्हणायचे आणि पुढे जायचे.

एके दिवशी एक गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. बरेच महिने आजारी होता, दाढी छातीवर आलेली. थोरलीने ती उतरवली, तोंड पुसलं आणि खुर्ची फिरवली. बाकावर पेंगणारी बायको दचकली.

"अगं बाई, हे कोण? माझा माणूस कुठे ठेवलात?"

"हाच आहे. नको असेल तर दाढी परत चिकटवून देतात का विचार," नवरा म्हणाला. दुकान हसलं.

थोरली मात्र आरशातल्या त्या नव्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वस्तरा तसाच ठेवून ती मागच्या खोलीत गेली.

"आई, बाबा गेले तेव्हा त्यांना दाढी होती."

आई भांडी लावत होती. वळली नाही.

"एवढी होती." थोरलीने गळ्याशी हात नेला. "गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचेच नाहीत ते. बसवलं की उठून मागे उभे राहायचे. आणि आपण भिंतीवर लावलाय तो लग्नातला नवरदेव. कोण ओळखणार त्याला?"

"मग काय लावायचं?" आईचा आवाज चिरकला. "जगाच्या दाढ्या करणारा माणूस घरात फकिरासारखा फिरतो, हे दवंडी पिटून सांगायचं? आयुष्यात कधी पारोशा तोंडाने ते दुकानात उभे राहिले नाहीत गं."

"तसा एखादा फोटो आहे का?"

"काढूच दिला नाही मी कुणाला," आई म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

विरळ भुवया भरायची पेन्सिल दुकानात होती. थोरलीने पत्रक मांडीवर घेतलं आणि कोटावरच्या त्या गोऱ्यागोमट्या गालांवर रेघा ओढू लागली.

"काळी काय काढतेस? पांढरी होती."

"पेन्सिल काळीच असते, आई."

"मग वरून पावडर चोळ. आणि डाव्या गालावर जागा सोड. तिथे उगवत नाही त्यांना." जरा वेळाने ती पुटपुटली, "तो कोटही खोड. माझा स्वेटर होता अंगात. निळा, फुलांचा. कुडकुडत होते म्हणून मीच चढवला. हसलीस तर बघ."

थोरली हसली नाही. खाली तिने लिहिलं: नाव विचारू नका, त्यांना आठवत नाही. घाबरवू नका. बसवून ठेवा आणि फोन करा.

नव्या पत्रकाच्या प्रती काढून मायलेकी निघाल्या. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या काचेवरचं जुनं पत्रक काढून थोरलीने नवं लावलं, तसा तो हात पुसत बाहेर आला. बघतच राहिला.

"ताई, हे उस्ताद? हे तर काल सकाळी इथे पायरीवर बसले होते." जुन्या पत्रकाची जागा त्याने बोटाने दाखवली. "ह्याच्याच खाली. मीच उठवलं हो. मला वाटलं, कुणी असाच… इथून ते बस आगाराकडे गेले."

आई पदर खोचून चालायला लागली, आणि तिला गाठताना थोरलीची दमछाक झाली.

आगारातल्या बाकांवर माणसं गोधड्या गुंडाळून बसली होती. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, सगळे मातकट. थोरली एकेकापुढे वाकून बघत होती. कुणी तोंड फिरवलं, कुणी हात पुढे केला. हे सगळे कुठून आले, ह्यांच्या घरी कुणी ताट झाकून बसलंय का, तिला आजवर कधी पडला नव्हता तो प्रश्न पडत होता.

"बाबा!" तिने हाक मारली. दोघातिघांनी वर पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या. तिने नावाने हाक मारली. कुणीच हललं नाही. बस सुटत होती, धूर डोळ्यांत जात होता. त्या बसमध्ये बसून गेले असले तर?

"नावाने नको," आई म्हणाली. रिकाम्या बाकाशी ती उभी राहिली, आणि उस्ताद दुकानाच्या दारातून ज्या सुरात ओरडायचे, त्याच सुरात ओरडली, "खुर्ची रिकामी आहे हो, चला!"

खांबाआडून एक गोधडी हलली, गळून पडली. आत निळा स्वेटर होता, मळलेला, फुलांचा. म्हातारा उठला, दिसत नसलेलं एक फडकं त्याने दोन्ही हातांनी झटकलं आणि आईकडे बघून म्हणाला, "बसा."

आई बसली.

"मान सरळ," उस्ताद म्हणाले. त्यांची गारठलेली बोटं तिच्या कानाशी कात्रीसारखी चालू लागली, आणि मान सरळ ठेवता ठेवता तिचे खांदे हलायला लागले.