पाय धुण्याचा गुरुवार

मंदानं घमेल्यात पाणी ओतलं आणि सगळ्या बायकांना ओलांडून ती थेट सासूसमोर जाऊन बसली.

"पाय द्या, आत्याबाई."

कलाबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत खाटेवर त्यांचा धाकटा मुलगा, गजेंद्र, पडला होता. एड्सच्या रोग्याला अठ्ठ्याण्णव साली सुरतेजवळच्या कडोदऱ्यात गामीत पास्टरांच्या या घराखेरीज दुसरं कोणी ठेवून घेत नव्हतं. सासूला नाही म्हणायची सोय नाही, हे मंदाला ठाऊक होतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून, पास्टर सगळ्यांना एकमेकांचे पाय धुवायला लावीत. "ज्याच्यासाथे झगडा आहे ना बेन, त्याचेच धुवायचे," व्याऱ्याकडच्या गुजराती ढंगात ते म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी थोरला हेमराज याच रोगानं गेला. हीच अवदसा रोग घेऊन आली, असं कलाबाईंनी गल्लीभर सांगितलं. मंदाची ताट-वाटी गटारात फेकली. तिरडी उचलताना तिला नवऱ्याच्या पायांना हातसुद्धा लावू दिला नाही.

मंदानं पाय उचलून मांडीवर घेतला. टाच, घोटा, मग एकेक बोट. कलाबाईंनी पदर पुढे ओढला.

"आटप ना. लोके देखी राहिनात."

"देखू द्या. हात लावला मी. मेल्या का तुम्ही?"

मागे कुणीतरी मुसमुसलं. "केवढं मन पोरीचं!"

मंदानं दुसरा पाय ओढला. आणखी सावकाश.

"आता उलटं," पास्टर म्हणाले. "ज्यांचे धुतले, त्यांनी समोरच्याचे धुवा."

हे मंदाला माहीत नव्हतं. इथला हा तिचा पहिलाच असा गुरुवार.

कलाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, गढूळ पाणी बाहेर फेकून आल्या. नव्या पाण्यात त्यांनी बोटं बुडवली.

"थंडं शे. थांब, चुलावरलं आनस."

त्यांनी गरम पाणी आणून मिसळलं, पुन्हा बोटं बुडवून पाहिलं. मग पदर खोचून सगळ्यांदेखत मंदाच्या पुढ्यात बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे, माय."

मंदानं पाय पोटाशी घेतले.

"नको," ती म्हणाली. "मला हात नका लावू."

कलाबाईंचे हात पाण्यावर तसेच राहिले. बाकीच्या बायका आपापली घमेली रिकामी करायला उठल्या.