दत्तारामाला लाथ कोणी मारली?

मित्रांनो, मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात डॉक्टर दीपिका यांचा दवाखाना आहे. तिथला तपासणीचा जुना पलंग तो मी. अंग फणसाच्या लाकडाचं, वर काळं रेग्झिन. सुताराने खोलीचं माप घेतलं, माणसांचं घ्यायचं राहिलं. त्यामुळे जरा उंच माणूस आडवा झाला की त्याची पावलं माझ्याबाहेर लोंबकळतात. त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. बोलणारेच माझ्यावर बसून रेग्झिनची भोकं नखाने मोठी करतात, आणि दुखणं सोडून बाकी सगळं डॉक्टरांना सविस्तर सांगतात.

दत्ताराम त्यातलाच. तो मालवणच्या किनाऱ्यावर रापणीला जातो. रापण म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं. ते किनाऱ्यावरून दोरीने ओढतात, ओढणारे एकामागे एक उभे. त्या सकाळी वाळूत पाय रोवून जोर लावताना त्याच्या टाचेच्या वर फाडकन काहीतरी बसलं. तो वळून बघतो तर मागे चुलतभाऊ सत्यवान. याला आणखी पुरावा कशाला? सत्यवानाने लाथ मारली, दोरीला यापुढे एक तर तो नाहीतर मी, असं दत्तारामाने सगळ्यांना बजावलं. निम्मी माणसं याच्या बाजूला, निम्मी त्याच्या. आजोबांच्या वेळेपासूनची रापण मोडायला आली.

पायाला मात्र सगळ्यांनी लचक ठरवून आठवडाभर खोबरेल चोळलं. लंगडत का होईना चालता येत होतं, म्हणून डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी बायको लक्ष्मीने, तिचं माहेर कट्ट्याचं, इकडे आणायला रिक्षा बोलावली. तीही मुद्दाम सत्यवानाचीच; रापण आटोपली की तो रिक्षा चालवतो. वाटभर दोघे भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, असं लक्ष्मीने आल्या आल्या सांगून टाकलं.

डॉक्टरांनी दत्तारामाला पालथं झोपवलं. पावलं माझ्याबाहेर आली, आणि या तपासणीला ती तशीच हवी असतात. त्यांनी आधी चांगल्या पायाची पोटरी दाबली. पाऊल हललं. मग दुखऱ्या पायाची दाबली. पाऊल ढिम्म. टाचेच्या वर बोट फिरवलं, तर जाड शिरेच्या जागी खड्डा लागला. या शिरेला डॉक्टर लोक अकिलीस टेंडन म्हणतात. बोटं तर हलतात, असा दत्तारामाने वाद घातला. बोटं हलवणाऱ्या शिरा वेगळ्या, असं उत्तर मिळालं.

एरवी दवाखान्यात शुद्ध बोलणाऱ्या डॉक्टर मग मालवणीत म्हणाल्या, “दत्ताराम, तुमका कोणी लाथ मारूक नाय. ही शीर तुटली की मागसून कोणीतरी मारल्यासारख्याच वाटता.”

“तेव्हा लाथ खावक नाय,” लक्ष्मी म्हणाली, “आता माझी खातलो.”

डॉक्टरांनी कुडाळच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली, तोवर दत्तारामाचं तोंड माझ्या रेग्झिनमध्ये खुपसलेलं. मग तसाच पालथा विचारतो, “सत्यो खंय आसा?”

“हयच आसंय,” दारातून सत्यवान म्हणाला.

“रिक्षा कुडाळाक घे. हळू घे.”

आमच्याकडे माफी अशीच मागतात.

कुडाळला सोनोग्राफीत शीर पूर्ण तुटलेली दिसली. लगेच आला असता तर कदाचित नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं, आता टाके घालावे लागले. बोटं खाली झुकवून प्लास्टर, मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट, आणि एकेक पाचर काढत व्यायाम. तोवर दोरीला हात लावायचा नाही. रापण चालू राहिली, मासळीतला दत्तारामाचा वाटाही.

पावसाळा सरल्यावर तो परत आला. डॉक्टरांनी त्याला त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. त्याने माझी कड घट्ट धरली आणि भावाला म्हणाला, “सत्या, मागे रव.”

टाच थरथरत उचलली गेली. सत्यवानाचे सावरायला पुढे केलेले हात हवेत तसेच राहिले, लागलेच नाहीत.

मित्रांनो, टाचेच्या वर असं फाडकन वाजलं तर तेल राहू द्या आणि मागच्याला दोषही देऊ नका. त्याच दिवशी कोणा डॉक्टरपुढे पालथे व्हा. आणि माझ्यापाशी आलात तर नखं तेवढी आवरा.