वायरमनची वेणी

आमच्या सरकारी भेटकेंद्राला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने आई मूल सोडून जाते, मागच्या दाराने बाप भेटायला येतो. वेगळ्या झालेल्या त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हे माझं काम. भांडण पेटलं तर विझवायचं मलाच, म्हणून मी नियम घट्ट धरून असते.

त्या शनिवारी भेटीला आलेल्या एका वायरमन बापाचा जीव टांगणीला लागला होता. लेकीला दर रविवारी घरी न्यायचं त्याच्या मनात होतं आणि सगळं आईच्या होकारावर अडलं होतं. आईचं पालुपद एकच, "ज्याला पोरीची वेणी घालता येत नाही, तो तिला दिवसभर काय सांभाळणार?"

पोरगी सहा वर्षांची, पण भलतीच आगाऊ. बाप येताच तिने वेणी सोडली, रबरबँड कुठेतरी भिरकावला आणि पाठ करून बसली. "बाबा, घाल आता."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सगळं काय मीच करायचं?

त्याने घाम पुसत पुसत, वायरी पिळाव्यात तसे तीन पेड घातले. वेणी तिरकी झाली, पण झाली. रबरबँड मात्र सापडेना. तेवढ्यात पुढची बेल वाजली. मी तिकडे धावले. वळून पाहते तर बाप मागच्या दाराने सटकलेला.

वेणीच्या टोकाला पिवळी इन्सुलेशन टेप! आईचा पाराच चढला. "केसांना टेप? आता उपटून निघणार सगळे!"

गेला हातचा रविवार, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

आईने पोरीला मांडीवर घेतलं आणि जपून टेपचं टोक उचकटलं. पोरगी हूं की चूं करेना. टेप सरसर सुटली. खाली रुमालाची फाडलेली पट्टी होती, नीट वेढे देऊन गुंडाळलेली. एकही केस चिकटला नव्हता.

आई पट्टीकडे बघत राहिली, मग खुदकन हसली.

"ताई, त्याला सांगा, रविवारी घेऊन जा म्हणावं."

मी मागच्या दाराकडे पळाले. वायरमन तिथेच घुटमळत होता. मी तोंड उघडायच्या आत आईचा खणखणीत आवाज आला, "आणि भांग सरळ पाड म्हणावं!"

"पाडतो!" हा इकडून ओरडला.

गाठ पडू द्यायची नाही, एवढाच नियम आहे. आवाजाबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही.