पहिली गाडी

भट्टीवरच्या आकारामने लोखंडी दांड्याने कढईतली राख बाजूला सारली. खालचे वितळलेले जस्त चकाकले. पण कडांना साय धरू लागली होती.

"अक्का, सांजंपतूर दम काढंल. म्होरं न्हाई."

चंदनबाला मगदूम यांनी मान हलवली. कुपवाडच्या त्यांच्या या कारखान्यात लोखंडावर जस्ताचा मुलामा चढे. जस्त कढईत थिजले, की पुन्हा तापवताना कढई तडकते, हे त्यांना तीस वर्षांत कोणी सांगावे लागले नव्हते.

भट्टीच्या गॅसची गाडी तीन दिवस आली नव्हती. "दुरुस्ती", एवढेच उत्तर. पुरवठा करणाऱ्या कंपन्या दोनच. सांगलीच्या कंपनीने दर वाढवला, तेव्हा अक्कांनी साताऱ्याच्या कंपनीला विचारले. तिने पत्राने पैशापर्यंत तोच दर कळवला. शिवाय आपली गाडी कऱ्हाडच्या खाली येत नाही, असेही लिहिले. दोघींनी मुलूख वाटून घेतला होता.

समोरच्या कारखान्याचे तात्याबा आणि अक्का यांनी मिळून स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सोमवारी दोघांचे जबाब होते. ते पत्र अक्कांपाशी, सांगलीच्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग तात्याबांपाशी. एकावाचून दुसरे लंगडे.

दुपारी त्याच अधिकाऱ्याचा, वीरधवलचा, फोन आला.

"अक्का, गाडी निघाली बरं का. पहिली तुमचीच."

"आणि तात्याबांची?"

"त्यांचं बघू की. तुम्ही काय, आमच्या घरातल्याच."

"तुमच्या घरी मी कधी पाणीसुद्धा प्यायलेली नाही," असे म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

नळकांड्यांनी भरलेली गाडी फाटकाशी येऊन थांबली. आकाराम नळी घेऊन धावला.

"थांब. नळी लावू नकोस."

"आवं अक्का, कढई जाईल की!"

रस्त्यापलीकडे तात्याबा आपल्या फाटकात उभे होते. त्यांची भट्टी सकाळीच विझली होती. ते अक्कांकडे पाहत नव्हते. गाडीकडे पाहत होते.

अक्का चालकापाशी गेल्या. "आधी समोर दे. मग इकडे ये."

"त्या गेटची पावती न्हाई माझ्याकडं."

"मग परत ने."

त्या आकारामकडे वळल्या. "जस्त उपसायला घ्या. कढई रिकामी करा."

"वीस टन? अक्का, समदी कामं हातची जातील."

"जाऊ देत. कढई राहील."

आकारामने माणसांना हाक मारली. लांब दांड्याची पहिली पळी जस्तात बुडाली, तेव्हा मागे गाडीचे इंजिन बंद झाले. चालकाने चपला काढल्या आणि पाय वर घेऊन तो आरामात बसला.

"परत ने म्हटलं ना?"

"समोरच्यास्नी दिसंल असं सांजंपतूर हितंच हुबं ऱ्हायला सांगितलंय, आई." त्याने तंबाखू मळायला घेतली. "तुमी गॅस घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

अक्कांनी पदर खोचला आणि रस्ता ओलांडायला घेतला.

"तात्याबा!"

त्यांच्या एका हाकेला तीस वर्षे पलीकडून 'ओ' येत असे. आता फाटकाची कडी आतून पडल्याचा आवाज आला.