पाठ नसलेला कोट

"श्वास सोडू नको," म्हणत गहिनीनाथनं पाठीवरची वरची नाडी ओढून गाठ मारली आणि मग खालच्या नाडीकडं वळला.

मच्छिंद्रनं श्वास धरला. आरशात त्याला एक रुबाबदार माणूस दिसत होता. तपकिरी चौकडीचा कोट छातीवर चापूनचोपून बसला होता. आरसा मात्र पुढचंच दाखवत होता, आणि या कोटाला जे काही होतं ते पुढंच होतं.

कोट गहिनीनाथच्या फोटो स्टुडिओतला. नगरच्या निम्म्याअधिक लग्नाळू पोरांनी तो अंगात घालून फोटो काढलेला. गिऱ्हाईक पैलवान असो की काडीपैलवान, सगळ्यांना बसावा म्हणून गहिनीनाथनं तो मागून कॉलरपासून पार खालपर्यंत उभा फाडून घेतला होता आणि दोन्ही कडांना नाड्या लावल्या होत्या. पुढून साहेब, मागून तान्ह्या बाळाचं झबलं.

"फोटोला कुठं पाठ लागते?" गहिनीनाथ नेहमीप्रमाणं म्हणाला.

"फोटोला न्हाई लागत. पाहुण्यांम्होरं लागंल की," मच्छिंद्र म्हणाला.

"भिंतीला टेकून बस. उठायचंच न्हाई," मालनबाईंनी दारातून हुकूम सोडला.

"आन् पाहुणे आल्यावर? मोठी माणसं उभी, आन् मी बसून?"

"गुडघा धरलाय म्हन."

"लंगड्याला कोन पोरगी देईल, आई?"

मालनबाईंनी ते ऐकलं नाही. न ऐकण्याचं त्यांचं ठरलेलं असायचं. मच्छिंद्रचा फोटो पुण्याला गेला होता आणि मध्यस्थ निरोप घेऊन आला होता, "मुलगा आवडला. नगरचा वाटत नाही म्हणाले." हे वाक्य मालनबाईंनी गल्लीत घरोघर नेऊन दाखवलं होतं, नवं भांडं दाखवावं तसं. मुलगा ज्या कोटामुळं नगरचा वाटला नव्हता, तो कोट पाहुणे आल्यावर अंगावर नसेल तर कसं चालेल?

तसं नगरकरांना आपल्या गावाविषयी भ्रम नव्हता. पुणेकरांच्या लेखी नगर म्हणजे एसटी चहाला थांबते ती जागा. कापडबाजारातला आसाराम शिंपी तर गिऱ्हाइकाला हसत सांगे, "पुन्याला फॅशनचा कटाळा आला की ती नगरला निघती. पन वाटंत सुप्याला मुक्काम करती." बेलबॉटम कुणी शिवायला सांगितली, तर तो आधी त्या पोराच्या बापाला विचारून येई. लोक हसत, जुनीच विजार खाली सोडून घेत आणि निवांत झोपत.

मच्छिंद्रचंही एरवी काही म्हणणं नव्हतं. नागापूरच्या एका वर्कशॉपात तो फिटर होता. सायकलवर जाई, सायकलवर येई. पण याआधी दोन स्थळं "मुलीला नगरला करमायचं नाही" म्हणून मोडली होती. आणि या वेळच्या मुलीचा, विजयमालेचा, फोटो त्यानं आईच्या नकळत इतक्या वेळा बघितला होता, की तिसऱ्यांदा तेच ऐकायची त्याची तयारी नव्हती.

पाहुणे दुपारी आले. मुलीची आई, मुलीचे मामा काकासाहेब, आणि खुद्द मुलगी. बेलापूरला नात्यातलं बारसं होतं. तिथून पुण्याला परतताना नगरला उतरून बघण्याचा कार्यक्रमही उरकून घ्यावा, असा काकासाहेबांचा हिशेब. विजयमालेनं फिकट निळी नायलॉनची साडी नेसली होती, आणि तिच्या उंच टाचेच्या सँडल उंबऱ्याबाहेर गल्लीतल्या बायका वाकून बघत होत्या.

मच्छिंद्र भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तसाच घसरत खाली बसला. पोहे झाले, चहा झाला, पगार विचारून झाला. तो पालीसारखा भिंतीला चिकटून होता. विजयमालेनं दोनदा त्याच्याकडं बघितलं. दोन्ही वेळा जरा जास्तच वेळ, आणि चेहऱ्याकडं नाही, कोटाकडं.

सगळं पार पडल्यासारखं वाटलं, आणि काकासाहेब मांडीवर हात आपटत उठले.

"गाडीला तास आहे. टांगा कशाला? बाजारातून पायीच जाऊ स्टँडवर. चला जावईबापू, गाव तरी दाखवा."

जावईबापू! मालनबाईंचा चेहरा फुलला आणि तसाच पडला.

"व्हा ना तुमी पुढं," मच्छिंद्र भिंतीशी बोलला. "मी आलोच."

"बघा," काकासाहेब बहिणीला म्हणाले, "मोठ्यांना पुढं घालायची रीत पुण्याच्या पोरांत राहिली नाही आता."

वरात निघाली. पुढं काकासाहेब, मागं दोघी विहिणी, त्यांच्यामागं विजयमाला, आणि सगळ्यांच्या मागं मच्छिंद्र, हात पाठीशी घट्ट बांधून. कापडबाजारात वारं सुटलं होतं. वरची गाठ सुटल्याचं त्याला कळलं, कारण एकदम मानेखाली गार लागलं. मग मधली सुटली. कोटाचे दोन्ही पदर दोन दिशांना फडफडू लागले.

दुकानांतून लोक बघत होते. ज्यानं त्यानं कोट ओळखला. ओळखणारच, प्रत्येकाच्या घरी तो भिंतीवर, हार घालून नाहीतर बायकोशेजारी, होताच. कुणी हसलं नाही. उलट एकेक जण मान लववून कोटाला नमस्कार करू लागला.

"मुलाला गावात मान फार दिसतो," काकासाहेब म्हणाले.

आसाराम शिंप्यानं मशीनवरून डोकं वर केलं. मच्छिंद्र पुढं गेला, आणि त्याची पाठ आसारामच्या नजरेला पडली. आसाराम गळ्यातल्या टेपसकट उठला, पायरी उतरला आणि मच्छिंद्रच्या मागं, अगदी हाताच्या अंतरावर चालू लागला. पुढच्या चौकात किराणावाला भिमाजी येऊन मिळाला. मग पानवाला. चपलांचा फटफट आवाज पाठीशी दाट होत गेला, आणि वारं लागायचं थांबलं.

काकासाहेबांनी वळून बघितलं.

"ही मंडळी कोण?"

"गल्लीतलीच हायेत."

"आमी आपलं फिरायला निघालोय," आसाराम म्हणाला.

"या उन्हात? दुकानं टाकून?"

"मग काय करनार साहेब," आसारामनं सुस्कारा सोडला, "नगरला करमतच न्हाई."

काकासाहेबांना हे आधीपासूनच माहीत होतं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुढं चालू लागले.

स्टँड नजरेच्या टप्प्यात आलं, तेव्हा मागून टेम्पोचा भोंगा वाजला. गल्ली अरुंद. आसाराम एका ओट्यावर चढला, भिमाजी आणि पानवाला दुसऱ्या बाजूला उडाले. मच्छिंद्र भिंतीकडं तोंड करून सरकला, अंग चोरून, टेम्पो जाऊ द्यायला. तो गेला. धूळ बसली. आणि मच्छिंद्रच्या लक्षात आलं, की पुढं चाललेली विजयमाला टेम्पो चुकवायला मागं सरकून त्याच्याच बाजूला आली आहे, आणि त्याच्या पाठीशी दोन पावलांवर उभी आहे.

पाठीला गार लागत होतं. तो भिंतीकडंच बघत राहिला. आता काय, टिळा लागायच्या आधीच पुसला. आसारामही ओट्यावर तसाच थिजला होता.

"चला," मागून हळू आवाज आला. "मामा वळून बघतील."

तो वळू लागला.

"वळू नका. सरळ चला."

तो चालू लागला. मागं पुन्हा चपला वाजल्या, पण लांबून.

"बरं का, दुकान उघडंच टाकलंय मी," आसाराम हवेला उद्देशून म्हणाला. त्याची पावलं थांबली. मग भिमाजीची. पानवाल्याची कधी थांबली ते कळलंही नाही. राहिला एकच आवाज, उंच टाचेचा, टक टक, अगदी पाठीला लागून. वारं तेवढंच होतं, पण कोट हलत नव्हता.

समोर पुण्याची गाडी लागलेली दिसत होती. कंडक्टर दार आपटत होता.

"विजू, पाय उचल की!" काकासाहेबांनी पुढून हाक मारली. "गाडी चुकेल!"

टाचेचा आवाज आहे त्याच चालीनं येत राहिला.

"चुकली तर चुकली, मामा," ती म्हणाली. "मागून दुसरी असेलच की."

मच्छिंद्रनं आपली चाल आणखी जरा धिमी केली.