निळ्यांचा खण

गडद निळे बटण खिडकीशी धरले, की त्याच्या कडेवर उजेडाची एक बारीक निळसर रेघ उमटते. काळ्या बटणाच्या कडेवर ती राखाडी असते. दिव्याखाली मात्र दोन्ही रेघा सारख्याच दिसतात.

मित्रांनो, मी बटणांच्या दुकानातले एक जुने लाकडी कपाट आहे. मला दारे नाहीत, नुसते लहान लहान खण आहेत. सुताराने मला दुकानातच उभ्या उभ्या घडवले आणि काम संपल्यावर त्याच्या लक्षात आले, की मी दारापेक्षा रुंद झालो आहे. त्यामुळे दुकान सोडून जाण्याचा प्रश्न माझ्यापुरता तेव्हाच मिटला.

माझ्यावर कुठेही पाट्या नाहीत. ज्या खणात जे बटण, त्याचाच एक नमुना त्या खणाच्या तोंडावर दोऱ्याने बांधलेला असतो. दोरा झिजला, की नवा नमुना बांधायचा. ही पद्धत मालकीणबाईंच्या वडिलांची. मालकीणबाईंना त्यांची भाची आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

आत्या रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसते. खण अडला, तर त्याच्या कडांना मेणबत्ती घासते. पूर्वी गिऱ्हाईक तुटक्या बटणाचा शर्ट घेऊन यायचे. आत्या शर्टाकडे एकदा बघायची, मागे वळायची आणि नेमका खण ओढायची. लोक म्हणायचे, "तुम्ही तर डोळे मिटूनसुद्धा काढाल!" कौतुक तिचे व्हायचे, पण खण माझा असल्यामुळे थोडे मीही माझ्या वाट्याला धरायचो.

पुढे गिऱ्हाईक रोडावले. वरच्या खणांवर धूळ बसू लागली. तेव्हा भाची लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, दुकान ऑनलाइन काढू या. नाहीतर हे कपाट नुसतं शोभेला उरेल."

वेबसाइट बांधण्याआधी तिचा नकाशा करावा लागतो, हे मला तेव्हा कळले. भाचीने माझ्या अंगावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन भोकांची बटणे एका पानावर, चार भोकांची दुसऱ्या पानावर.

"अगं, माणूस काय भोकं मोजत दुकानात येतो?" आत्या म्हणाली. "शर्टाचं तुटलं, कोटाचं हरवलं, असं म्हणत येतो."

भाचीने चिठ्ठ्या काढल्या आणि पुन्हा लावल्या. आधी कपडा, मग रंग, मग माप.

"आणि घासाघीस कुठे करायची?"

"साइटवर घासाघीस नसते, आत्या."

"मग गिऱ्हाइकाला मजा काय येणार, कपाळ?"

असे करत करत पाने तयार झाली. प्रत्येक खणाचा फोटो निघाला. सोमवारी साइट उघडायची ठरली. त्याआधी चाचणी म्हणून गल्लीतल्या शिंपीकाकांनी फोनवरून कोटाची गडद निळी बटणे मागवली. त्यांचे दुकान इतके जवळ, की त्यांची मशीन मला ऐकू येते. तरी आत्याने पाकीट नीट चिकटवले, वर पत्ता लिहिला आणि पोचवले.

दुपारी काका पाकीट घेऊन हजर.

"ताई, यातली निम्मी काळी आहेत. माझं गिऱ्हाईक लग्नाला निघालंय, सर्कशीला नाही!"

"फोटोत रंग बदलत असेल," आत्या म्हणाली.

"फोटो कशाला शिवतोय मी? बटणं सांगतोय."

"मग खणाला ओल लागली असेल. जुनं लाकूड आहे."

मला ओल लागलेली नव्हती. पण कपाटाला बाजू मांडता येत नाही.

भाचीने वाद घातला नाही. तिने दिवा बदलला. दुसऱ्या फोनने फोटो काढून पाहिला. माझ्या आतून हात फिरवला. तो कोरडाच निघाला. शेवटी निळ्यांचा खण तिने पूर्ण बाहेर काढला आणि खिडकीशी नेला. खणाच्या तोंडावर बांधलेला नमुना काळा होता. त्याचा दोरा नवा होता.

तो कोणी बांधला, हे मला ठाऊक होते. जुना दोरा तुटला, तेव्हा आत्याने त्याच खिडकीशी बसून तो बांधला होता. तेव्हापासून काळी बटणे त्या खणात येत गेली. साइट उघडली असती, तर तीच चूक घराघरांत पोचली असती.

भाचीने बटणे ताटात ओतून आत्यापुढे ठेवली. "आत्या, यातली निळी वेगळी करून देतेस?"

आत्याने एक बटण उचलले. अंगठ्याने चाचपले. उजेडाकडे धरले, जवळ आणले, लांब नेले. मग दुसरे घेतले. शिंपीकाका दारात उभे होते. ते चेष्टा करतील असे मला वाटले, पण ते रस्त्याकडे बघत राहिले.

मित्रांनो, लाकूड वर्षानुवर्षे टिकते, कारण कोणीतरी ते रोज पुसते, वेळेवर मेण लावते. हे आत्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला मागेच मोतीबिंदू सांगितला होता. "हा हंगाम जाऊ दे," असे ती भावाला फोनवर सांगायची. हंगाम गेला, की पुढचा यायचा. पट्टी बांधून घरी बसले तर दुकान कोण बघणार, हे ती कोणाला विचारायची नाही. फडके घेऊन मलाच पुसत राहायची.

तिने दुसरे बटण ताटात ठेवले. हात पदराला पुसले.

"मला तर सगळी काळीच दिसतात गं," ती म्हणाली.

 भाचीने खण परत माझ्यात सरकवला. तो मेणामुळे आवाज न करता आत गेला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"सोमवार राहू दे," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन लाव. ऑपरेशन करून घेते. साइट त्यानंतर."